जुन्या पिकअपचा क्लच व त्याचा पंचनामा

पूर्वीं गोठ्यांत बैलजोड्या किती यावरून शेतकऱ्याच्या ऐपतीचा अदमास बांधीत. हल्लीं तो दारांत उभ्या असलेल्या वाहनावरून बांधतात. मध्यम बागाईतदाराच्या दारांतील हें वाहन बहुधा दुसऱ्याच्या हातून घेतलेला, दहा-बारा पावसाळे पाहिलेला पिकअप असतो. कांदा, टोमॅटो, खताचीं पोतीं, कडबा, सारें त्याच्याच पाठीवर जातें. ह्या वाहनाचे टायर किंवा बॅटरी यांवरून घरांत तंटा झाल्याचें आम्हीं फारसें ऐकिलें नाहीं. तंटा होतो तो क्लचवरून. क्लच गेला कीं मालक ड्रायव्हरच्या पायाकडे बोट दाखवितो, ड्रायव्हर लादलेल्या हौद्याकडे दाखवितो, आणि मिस्त्री दोघांचेंहि पुरतें ऐकून न घेतां गिअरबॉक्स उतरविण्यास पाना हातीं घेतो. खर्च मालकास पडतो, आणि पुष्कळ ठिकाणीं त्यांतला कांहीं भाग मालक ड्रायव्हरच्या पगारांतून वळता करून घेतो.

आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. यंत्रशास्त्राचें शिक्षण आम्हांस नाहीं. परंतु गारपिटीनें पीक झोपलें तरी जागेवर जाऊन पंचनामा केल्यावांचून नुकसानीचा आंकडा कागदावर चढवावयाचा नाहीं, एवढी शिस्त त्या दप्तरानें आम्हांस लाविली. घरच्या जुन्या पिकअपपायीं मिस्त्र्यांच्या शेजारीं तासन्तास बसून, प्रश्नांनीं त्यांस भंडावून, आम्हीं जें समजून घेतलें त्यावरून आमचें असें मत झालें आहे कीं, क्लचच्या बाबतींतहि आधीं पंचनामा व मग निकाल हाच क्रम ठेविला पाहिजे. चार साध्या परीक्षा मालकानें स्वतः, ड्रायव्हरला शेजारीं उभा करून, केल्यावांचून गिअरबॉक्स उतरवूं देऊं नये, आणि कोणाचा पगारहि कापूं नये.

परीक्षा समजण्यापुरती रचना सांगतों. इंजिनाच्या मागील अंगास फ्लायव्हील नांवाचें जड चाक असतें. त्याला भिडून, दोन्ही बाजूंस घर्षणाचा थर बसविलेली एक तबकडी असते. हीच क्लच प्लेट. तिच्या पाठीमागें पोलादी स्प्रिंगेची प्रेशर प्लेट असते व ती ह्या तबकडीस फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडलवर पाय नसतो तेव्हां ही पकड घट्ट असते व इंजिनाचा जोर गिअरबॉक्समार्गें चाकांस पोंचतो. पेडल दाबलें म्हणजे एक बेअरिंग पुढें सरकून स्प्रिंगेच्या बोटांवर दाब देतें आणि पकड सुटते. पायाचा जोर बेअरिंगापर्यंत नेण्याचे मार्ग दोन : कांहीं वाहनांत केबल असते, कांहींत ब्रेकच्या तेलानें भरलेली नळी. आपल्या वाहनांत यांपैकीं कोणता मार्ग आहे हें ज्यास ठाऊक नाहीं अशा मालकास मिस्त्र्यानें कांहींहि सांगितलें तरी तें खरेंच वाटणार.

पहिली तक्रार घसरण्याची. चढणीवर वरच्या गिअरांत ॲक्सिलरेटर दाबला असतां इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानानें वेग घेत नाहीं, आणि कांहीं वेळानें जळका उग्र वास येतो. अशा वेळीं सपाट व मोकळी जागा पाहावी. गाडीच्या पुढें-मागें माणूस, जनावर किंवा भिंत नसावी. चाकांस दोन्ही बाजूंनीं दगड लावून हँडब्रेक पुरता ओढावा. इंजिन चालू करून तिसरा किंवा चौथा गिअर टाकावा आणि थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच सावकाश सोडावा. क्लच शाबूत असेल तर इंजिन हिसका देऊन तत्काळ बंद पडतें. पेडल पुरतें वर आल्यावरहि तें फिरतच राहिलें तर प्लेट घसरत आहे हें नक्की. ही परीक्षा एकदांच करावी. गंमत म्हणून चार जणांना दाखवीत बसल्यास राहिलेली प्लेट तेवढ्यांतच जळून जाईल.

परंतु प्लेट घसरते याचा अर्थ प्लेट संपली असा नव्हे, आणि येथेंच आमच्या बहुतेक बंधूंची फसगत होते. पेडल हातानें दाबून पाहावें. आरंभीं थोडें अंतर तें बोटाच्या जोरानेंच खालीं जातें व पुढें जोर लागूं लागतो. ह्या आरंभींच्या अंतरास मिस्त्री ‘प्ले’ म्हणतात. आपण मोकळी चाल म्हणूं. केबलच्या वाहनांत ती बहुधा एक-दोन सेंटिमीटर असते. नेमका आंकडा त्या-त्या वाहनाच्या पुस्तकांतलाच धरावा. सर्वसाधारण समजूत अशी कीं, वस्तु झिजली म्हणजे चाल वाढते. बैलगाडीच्या आंसाला हें लागू आहे, केबलच्या क्लचला नाहीं. प्लेट जसजशी पातळ होते तसतशीं स्प्रिंगेचीं बोटें मागें बेअरिंगाकडे सरकतात आणि मोकळी चाल कमी-कमी होत जाते. ती शून्य झाली म्हणजे बेअरिंग बोटांवर अष्टौप्रहर टेकून राहतें. ड्रायव्हरचा पाय पेडलवर नसला तरी असल्यासारखें होतें. मग पकड ढिली पडून प्लेट घसरते, घसरल्यानें तापते, आणि जी प्लेट आणखी एक-दोन हंगाम सहज निघाली असती ती आठ दिवसांत जळते. केबलची नट फिरवून चाल पूर्ववत् करण्यास एक पाना व पाव तास लागतो. तेलाच्या मार्गाच्या बहुतेक वाहनांत खालची झीज आपोआप सांवरली जाते, तरी पेडलची दांडी वरच्या सिलिंडरांत शिरते तेथें केसभर सैलपणा हा ठेवावाच लागतो. तो नसला तर सिलिंडरांतील परतीचें छिद्र उघडत नाहीं, तेल दाबांतच अडकून राहतें, आणि परिणाम तोच होतो. पेडल उंच वाटतें म्हणून कोणी दांडी आवळून दिली असेल तर तिची चौकशी आधीं करावी.

चाल ठीक असूनहि घसरत असेल तर गाडीखालीं वांकून इंजिन व गिअरबॉक्स जेथें जोडलेले आहेत तेथें खालच्या अंगास पाहावें. तेथें तेल ठिबकत असेल तर तें बोटावर घेऊन हुंगावें. काळें, पातळ तेल इंजिनाचें; दाट व गंधकासारखा उग्र वास येणारें तेल गिअरबॉक्सचें. इंजिनाच्या मागील सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या पुढील सीलमधून तेल गळून प्लेटीवर उडतें आणि चांगली जाड प्लेटसुद्धां निकामी करतें. अशा वेळीं नुसती प्लेट बदलणें म्हणजे फुटका बांध तसाच ठेवून वाफ्यांत पुन्हां रोप लावण्यासारखें आहे. नवी प्लेट थोड्याच दिवसांत पुन्हां तेलकट होते, आणि त्या वेळीं शिव्या खातो ड्रायव्हर.

दुसरी तक्रार याच्या उलट, म्हणजे पकड न सुटण्याची. गिअर पडत नाहींत, पडतांना खरखरतात, किंवा पेडल पुरतें दाबूनहि गाडी पुढें ओढ घेते. पहिली परीक्षा इंजिन बंद करून घ्यावी. इंजिन बंद असतां सारे गिअर सहज पडतात आणि चालू असतां पडत नाहींत, तर दोष क्लचकडे. बंद असतांहि अडतात तर दोष गिअरच्या दांडीकडे किंवा खुद्द गिअरबॉक्सकडे. दुसरी परीक्षा : इंजिन मंद चालूं द्यावें, पेडल तळापर्यंत दाबून पांच-सात सेकंद थांबावें व मग रिव्हर्स टाकावा. खरखर झाली तर पकड पुरती सुटलेली नाहीं. आतां पेडल चार-पांच वेळां भराभर दाबून पुन्हां गिअर टाकून पाहावा. असें केल्यानें गिअर पडला तर तेलाच्या नळींत हवा शिरली आहे किंवा वरच्या सिलिंडरांतील रबरें थकलीं आहेत. पेडल पायाखालीं दाबून धरलें असतां हळूहळू आपोआप खालीं जात असेल तर सिलिंडरचाच संशय अधिक.

तेलाची वाट तपासणें हें तर कोणाहि मालकाच्या आटोक्यांतलें काम आहे. डबींतील तेलाची रेघ पाहावी; कित्येक वाहनांत ब्रेकची व क्लचची डबी एकच असते, म्हणून तेथें तेल घटलें असेल तर ब्रेकहि तपासल्यावांचून गाडी हलवूं नये. पेडलच्या वर जेथें दांडी शिरते तेथें ओल आहे काय, पायाखालची चटई भिजली आहे काय, आणि खालीं गिअरबॉक्सशेजारच्या लहान सिलिंडरचें रबरी टोपण किंचित् उचललें असतां आंतून तेल निघतें काय, हें पाहावें. ह्यांपैकीं कोठेंहि गळती असली तर दुरुस्ती बाहेरच्या बाहेर होते व गिअरबॉक्सला हात लावण्याचें बहुधा कारण पडत नाहीं. डबींत भर घालावयाची ती झांकणावर लिहिलेल्या प्रकारच्या ब्रेक ऑइलचीच. हाताशीं आहे म्हणून इंजिनचें तेल, डिझेल किंवा, आमच्या पाहण्यांत आल्याप्रमाणें, गोडें तेल ओतणें हें शुद्ध वेडेपण होय. त्यानें आंतील रबरें फुगतात आणि डबी एक असेल तर ब्रेकहि निकामी होतात. ब्रेक ऑइल हवेंतील ओल शोषून घेतें. बहुतेक कारखाने दोन वर्षांनीं तें बदलावयास सांगतात, आणि आमच्याकडे तें वाहन विकेपर्यंत बदलत नाहींत.

पावसाळ्यांत दोन-तीन महिने उघड्यावर उभी राहिलेली गाडी हा एक निराळा प्रकार आहे. दसऱ्याच्या सुमारास ती चालू करावी तर पेडल दबतें, गळती कोठें नाहीं, आणि गिअर मात्र पडत नाहीं. अशा वेळीं गंजामुळें प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असूं शकते. कुशल मिस्त्री ती पुष्कळदां गिअरबॉक्स न उतरवितां सोडवितो. पंधरवड्यांतून एकदां इंजिन चालू करून, पेडल दाबून, गाडी चार पावलें पुढें-मागें केली असती तर हा प्रसंगच येता ना.

आवाजाविषयीं थोडक्यांत. न्यूट्रलमध्यें इंजिन चालू असतां पेडल दाबतांच घरघर सुरू होत असेल तर क्लचचें बेअरिंग. पेडल सोडलेलें असतां घरघर होऊन दाबतांच ती थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टाचें बेअरिंग. दोहोंचा खर्च फार वेगळा आहे, म्हणून हें आपल्या कानानें ऐकून ठेवावें. गाडी उचलतांना सारें अंग थरथरत असेल तर प्लेटीस दोष देण्यापूर्वीं इंजिनाखालचीं रबरें, कमानपाट्यांचे बोल्ट व मागील शाफ्टाचे सांधे हलवून पाहावे.

आतां ओझ्याविषयीं. हें आमच्या बंधूंस रुचणार नाहीं याची आम्हांस कल्पना आहे. उभी गाडी उचलतांना प्लेट कांहीं क्षण घसरतेच. त्या घसरण्यांत जी उष्णता निघते ती गाडीच्या एकंदर वजनाच्या प्रमाणांत असते. वजन दीडपट झालें कीं प्रत्येक उचलीस सपाटीवरसुद्धां उष्णता दीडपट, आणि चढावर त्याहूनहि जास्त. त्यांत गाडी दुसऱ्या गिअरांत उचलली तर आणखी भर पडते : पहिल्या गिअरचें प्रमाण ४ व दुसऱ्याचें २ धरल्यास, इंजिनाच्या त्याच फेऱ्यांस गाडीचा वेग दुप्पट व्हावा लागतो, आणि प्लेटींत जिरणारी उष्णता सपाटीवर चौपट होते. म्हणजे दीडपट ओझें घालून दुसऱ्या गिअरांत केलेली एक उचल ही नीट केलेल्या सहा उचलींइतकी प्लेट तापविते. रत्नागिरीकडून आंबा घाटानें कोल्हापुरास फळ नेणाऱ्या गाड्या वळणावर वाहनांच्या रांगेंत अडकतात, तेथें दर दहा हातांवर एक उचल होते. तेथें प्लेट जळली तर ती पायानें जाळली कीं तराजूनें, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांतील कलम १९४ अन्वयें, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, मर्यादेबाहेरील वजनास २०,००० रुपये व शिवाय प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे. पण नाक्यावर गाडी सुटली तरी प्लेटीवरील वसुली कांहीं सुटत नाहीं.

ड्रायव्हरचा पाय निर्दोष असतो असें आमचें म्हणणें नाहीं. पेडलवर पाय टेकवून गाडी हांकण्याची खोड फार जणांस असते व तिनें बेअरिंग व प्लेट दोन्ही झिजतात. चढावर उभें राहावयाचें तर हँडब्रेक ओढावा; अर्ध्या क्लचवर गाडी लोंबकळत ठेवूं नये. कसारा घाटासारखी उतरण असेल तेथें क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्यें गाडी सोडणें हें डिझेल वांचविणें नव्हे. त्यानें इंजिनाचा अडसर जातो आणि सारा भार एकट्या ब्रेकवर पडून ते तापून निकामी होतात. ह्या खोडी ज्यास आहेत त्याच्या शेजारीं मालकानें एक दिवस बसावें. एका खेपेंत कळून येतें. पण हेंहि खरें कीं, बाजार गांठावयाचा म्हणून रात्रीं दोनला ज्यास उठविलें, आणि गाडीच्या पुस्तकांत लिहिलेल्या वजनाहून दहा-पंधरा क्विंटल जास्त माल भरून ज्यास घाटांत पाठविलें, त्याला क्लचविषयीं जाब विचारण्याचा अधिकार मालकास फारसा उरत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारानें ऐन टोमॅटोच्या हंगामांत ड्रायव्हरच्या पगारांतून प्लेटीचे पैसे दोन हप्त्यांनीं कापले. तीन आठवड्यांत गाडी पुन्हां घसरूं लागली. ह्या खेपेस गिअरबॉक्स उतरवितांना आम्ही तेथें होतों. प्लेट बाहेर आली ती इंजिनाच्या तेलानें काळी चिक्क झालेली होती, आणि थराची जाडी जवळ-जवळ नव्याइतकीच होती. मागील सील फाटलेलें होतें. पहिल्या वेळीं तें कोणींच पाहिलें नव्हतें, कारण जुनी प्लेट मालकानें मागितली नव्हती व मिस्त्र्यानें ती भंगारांत टाकली होती. कापलेला पगार परत करण्याविषयीं आम्हीं सुचविलें. मालकानें दुसऱ्या दुरुस्तीचा आंकडा आम्हांस वाचून दाखविला. ड्रायव्हर पुढील महिन्यांत एका वीटभट्टीवाल्याकडे लागला, आणि द्राक्षाच्या हंगामांत त्या घरची गाडी हांकावयास रोजानें माणूस शोधावा लागला.

म्हणून जेव्हां सर्व परीक्षा करून गिअरबॉक्स उतरविणें प्राप्तच ठरेल, तेव्हां मालकानें दुकानांत हजर असावें. उतरविण्या-चढविण्याची मजुरी एकदांच पडते. यास्तव प्लेट, प्रेशर प्लेट व बेअरिंग हीं तिन्ही एकाच वेळीं बदलावीं आणि दोन्ही सीलें पाहून घ्यावीं. तीन वस्तूंपैकीं एक वांचविणारा मनुष्य सहा महिन्यांनीं सारी मजुरी दुसऱ्यांदा देतो. थर चिकटवून दिलेली जुनी प्लेट स्वस्त मिळते. ती घेऊं नये. फ्लायव्हीलवर निळे डाग, चरे किंवा बारीक भेगा असतील तर तें तपासून घेतल्यावांचून नवी प्लेट त्यावर चढवूं देऊं नये. आंतील भुकटी हवेच्या फवाऱ्यानें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी; जुन्या थरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतो आणि तो श्वासावाटे जाणें फुप्फुसांस घातक आहे. नवी प्लेट बसल्यावर पहिले कांहीं शें किलोमीटर भर ओझें घालूं नये. मिस्त्री हें सांगत नाहींत, आणि दुसऱ्याच दिवशीं बाजार असतो.

जुन्या वस्तु मात्र मागून घ्याव्या व तेथेंच उजेडांत पाहाव्या. थर रिव्हेटांच्या डोक्यापर्यंत सारखा झिजला असेल, म्हणजे डोक्यावर ०.३ मिलिमीटरहून कमी उरला असेल, तर प्लेट आपलें आयुष्य भोगून गेली. दोष कोणाचाच नाहीं. थर जाड असून तेलकट, तर सील. थर काळा पडून तडकलेला व फ्लायव्हीलवर निळे डाग, तर घसरण. मग मोकळ्या चालीचें, ओझ्याचें व पायाचें असें तिन्ही तपासावें. मधल्या लहान स्प्रिंगा सैल किंवा तुटलेल्या, तर हिसक्यानें क्लच सोडण्याची संवय. प्रेशर प्लेटीच्या बोटांचीं टोकें खोल झिजून चकाकत असतील, तर बेअरिंग सतत टेकलेलें होतें. जें दिसेल तें ड्रायव्हरला दाखवावें व त्याचें म्हणणें ऐकावें. नंतर बदलीची तारीख आणि त्या दिवशींचा किलोमीटरचा आंकडा जुन्या प्लेटीवर पक्क्या रंगानें लिहून ती गोठ्यांतल्या खुंटीला अडकवून ठेवावी. पुढच्या वेळीं ती काढून नव्या तक्रारीशेजारीं ठेवतां येते.